बंद दाराची पंचेचाळीस मिनिटं

लग्नकार्यात कुणी विचारलं, ‘ताई, नोकरी कुठे करता?’ तर मी ‘हॉस्पिटलात’ एवढंच म्हणून जिलेबीकडे वळायचे. समोरचा चिवट निघाला आणि ‘म्हणजे नर्स का?’ असं म्हणत पुढे आला, की खरं सांगून टाकायचे, ‘एचआयव्हीच्या तपासणी केंद्रात समुपदेशक आहे.’ मग तोच जिलेबीकडे वळायचा. माझ्या एका चुलत नणदेने तर मी दिलेला पाण्याचा ग्लास माझ्यादेखत गॅलरीतल्या कुंडीत ओतला होता. त्या कुंडीतली जास्वंद पुढे छान फोफावली, असं ऐकते.

सतरा वर्षं ही नोकरी केली. गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता लग्नात ‘रिटायर्ड’ म्हणते आणि निवांत जेवते.

आमचं केंद्र मीरा-भाईंदरमधल्या एका सरकारी दवाखान्यात, पहिल्या मजल्यावर, गरोदर बायकांच्या ओपीडीला लागून. दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती दवाखान्याची नाही, माझी आहे. काम सांगायला सोपं होतं. माणूस आला की आधी त्याच्याशी बोलायचं, तपासणी कशाची आहे ते समजावायचं आणि त्याची संमती घ्यायची. शेजारच्या खोलीत आमचा लॅब टेक्निशियन अन्वर रक्त घ्यायचा. अर्ध्या तासात रिपोर्ट तयार. मग त्या माणसाला पुन्हा आत बोलवायचं, दार लावायचं आणि रिपोर्ट सांगायचा. लागण नसेल तर पुढे होऊ नये म्हणून काय करायचं ते सांगायचं. असेल तर औषधं कुठे फुकट मिळतात आणि ती रोज घेतली तर माणूस संसार करून, नातवंडं बघून, म्हातारा होऊन जातो, हे सांगायचं. नवऱ्याचा रिपोर्ट बायकोला द्यायचा नाही, मुलाचा आईला नाही, फोनवर तर कुणाचाच नाही.

हे सगळं आज घडाघडा लिहितेय, पण सुरुवातीला ‘कंडोम’ हा शब्द माझ्या तोंडातून निघायचा नाही. मी टेबलाकडे बघत ‘साधन वापरा’ म्हणायचे. एका रिक्षावाल्या काकांनी विचारलं, ‘कसलं साधन, मॅडम? स्टेपनी?’ त्या दिवशी घरी गेले, कडी लावली आणि आरशासमोर उभी राहून वीस वेळा तो शब्द म्हटला. दुसऱ्या दिवसापासून लाज गेली ती गेलीच. पुढे तर जेवणाच्या सुट्टीत मी एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात लाकडी मॉडेल घेऊन ड्रॉवर आवरत बसायचे.

लोक खोटी नावं सांगत. त्यात वावगं काहीच नाही, पण खोटं नाव लक्षात ठेवणं हे कौशल्याचं काम आहे. पूनम सागर वसाहतीकडच्या एक बाई ओढणीने तोंड झाकून आल्या, नाव सांगितलं ‘सुनीता’. रिपोर्ट आल्यावर मी दारात उभी राहून ‘सुनीता, सुनीता’ करत राहिले. बाई समोरच बसलेल्या, माझ्याकडे बघतायत आणि ही सुनीता कोण कडमडली ती उठत का नाही, असा त्यांचा चेहरा. शेवटी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. तेव्हापासून मी नावाने हाक मारणं सोडलं आणि नंबर पुकारायला लागले.

महिन्यातून एक-दोनदा काशीमीऱ्याला जावं लागे. गोदामांच्या मागे ट्रक उभे असत, माल भरेस्तोवर ड्रायव्हर मोकळे. तिथं बोलायला मजा यायची, कारण ड्रायव्हर माणूस लाजत नाही, उलटून प्रश्न विचारतो. एकाने मला अभिमानाने सांगितलं की तो एकावर एक दोन घालतो, डबल सेफ्टी. दोन रबर एकमेकांवर घासून फाटतात, हे त्याला समजावता समजावता बाकीच्या चौघांचे चेहरे उतरले, म्हणजे पाचही जण डबलवालेच होते. दुसरा एक सरदारजींसारखा भारदस्त माणूस. त्याने पाकिटं केबिनमध्ये देवाच्या फोटोमागे ठेवली होती, थेट काचेतून येणाऱ्या उन्हात. मी म्हटलं, ‘भैया, गर्मीसे ये खराब हो जाता है.’ तो म्हणाला, ‘मॅडम, भगवान के पीछे कोई हाथ नहीं डालता. घरवाली भी नहीं.’ मुद्दा बिनतोड होता. तरी मी ती पाकिटं काढायला लावली आणि नवीन दिली.

पूर्वी या रोगाच्या जाहिरातींत कवट्या असायच्या. मला त्यांचा राग येतो. कवटी बघून माणूस तपासणीला येत नाही, घाबरून घरी बसतो आणि आजार अंगावर काढतो. माणसं आमच्याकडे यायची ती एका भरवशावर, की इथलं बोलणं बाहेर जात नाही. या बाबतीत मी भारी कडक होते. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यातल्या साखळीत. साफसफाईला बाई आली तरी टेबलावरचे कागद मी उलटे करायचे. आमच्याकडून कधी काही फुटलं नाही, असं मी ट्रेनिंगमध्ये नव्या मुलींना छाती पुढे काढून सांगत असे.

ती छाती जिने आत घातली तिचं नाव मी मनीषा ठेवते. तिच्या सासूचं शेवंताबाई आणि नवऱ्याचं दिनेश. तिघांना विचारूनच हे लिहितेय. घर वरसावे गावात आहे असं म्हणते, ते त्याच्या थोडं अलीकडे किंवा पलीकडे असेल.

मनीषा पहिलटकरीण, सातवा महिना नुकताच लागलेला. दवाखान्यात नाव उशिरा घातल्यामुळे सगळ्या तपासण्या एकदम चाललेल्या. गरोदर बाईची एचआयव्हीची तपासणी आम्ही करतोच, कारण आईला लागण असली तरी वेळेवर औषध दिलं तर बाळ वाचवता येतं. सासू सोबत आली होती. काशीमीऱ्याच्या नाक्यावर भाजी विकणारी, काटक बाई. ती बाहेर बेंचवर बसली आणि मनीषा रिपोर्ट घ्यायला आत आली.

रिपोर्ट स्वच्छ होता. मी सांगितला, कागद हातात दिला, म्हटलं, ‘झालं, जा आता.’ ती उठली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, ‘मॅडम, ह्यांचं काय?’

दिनेश ट्रक चालवायचा, काशीमीऱ्याहून गुजरात, कधी राजस्थान. पंधरा-पंधरा दिवस लाइनवर.

‘त्यांनाही आणा तपासणीला,’ मी म्हटलं.

‘कसं सांगू? तपासून घ्या म्हटलं तर म्हणतील, माझ्यावर संशय घेतेस? आणि तोवर कंडोम वापरा म्हटलं तर म्हणतील, म्हणजे तुझंच काहीतरी आहे.’

हा प्रश्न मी शेकडो बायकांच्या तोंडून ऐकलाय. त्यावर माझा एक उपाय होता. मी नवरा व्हायचे आणि बाईने बायकोच राहायचं, आणि आम्ही ते बोलणं खोलीत करून बघायचो. त्या दिवशी मी खुर्ची मागे ढकलली, पाय पसरले आणि आवाज काढला, ‘काय गं, जेवायला काय केलंयस?’ ती आधी दचकली, मग फिसकन हसली. पहिल्यांदा ती एकाच वाक्यात सगळं बोलून मोकळी झाली, मी आरडाओरडा केला. दुसऱ्यांदा रडायला लागली, मी म्हटलं नवरा काय विरघळत नाही. पाचव्या की सहाव्या खेपेला तिने सांगितलं, ‘डॉक्टरीणबाई म्हणाल्या बाळासाठी दोघांची तपासणी करायची. माझी मी केली. तुम्ही बाळासाठी एवढं कराल ना?’ नवरा म्हणून मला काही उत्तरच सुचेना. आम्ही दोघी इतक्या हसलो की तिला पोट धरावं लागलं. कुणी ऐकू नये म्हणून तोंडाला पदर लावून हसत होतो. डोळे पुसत पुसतच ती बाहेर गेली. मला वाटलं, आज काम चांगलं झालं.

चार दिवसांनी सकाळी तिचा फोन आला. आवाज बसलेला.

‘मॅडम, सासूबाई मला माहेरी पाठवतायत. ओटी न भरता.’

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. सातव्या महिन्यात सुनेची ओटी भरून, पाच बायकांना जेवायला घालून मग तिला बाळंतपणासाठी माहेरी पाठवतात. ओटी न भरता पाठवणं म्हणजे परत न्यायला कुणी येणार नाही, असं न बोलता सांगणं.

‘रिपोर्ट दाखवला नाहीस का?’

‘दाखवला. वाचूनपण दाखवला. म्हणतात, तू काहीपण वाचशील. हे परवा येतील लाइनवरून, त्याच्या आधी मला घालवायचंय त्यांना. मॅडम, त्या आज तुमच्याकडे येतायत. माझा रिपोर्ट सांगा त्यांना, माझी काही हरकत नाही. फक्त आपण काय बोललो ते सांगू नका. मी संशय घेतला कळलं तर ह्या घराचं दार मला कायमचं बंद.’

अकराच्या सुमाराला शेवंताबाई आल्या. खुर्चीत टेकल्याही नाहीत.

‘बाय, माज्या सुनेला काय हाय ते खरं सांग.’

‘काही नाही तिला. रिपोर्ट स्वच्छ आहे. तिने दाखवलाय तुम्हाला.’

‘कागदावर काय, लिवणारा लिवतो. तुजं दार पाऊण तास बंद व्हतं. मी बेंचवरच बसली व्हती ना.’

मला काही समजेना. ‘दाराचा काय संबंध?’

मग त्यांनी मला माझंच केंद्र समजावून सांगितलं. पॅसेजमध्ये माझ्या दाराच्या वर भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं. बेंचवरच्या बायकांचं गणित ठरलेलं होतं. आत गेलेली बाई पाच मिनिटांत बाहेर आली तर सुटली. पंधरा मिनिटं झाली तर शंका. अर्धा तास झाला तर समजून जायचं आणि ती बाहेर आली की पाय आवरून घ्यायचे. नवीन आलेलीला जुन्या बायका हे शिकवायच्या. मनीषा तर पंचेचाळीस मिनिटं आत होती आणि बाहेर आली ती डोळे पुसत.

गणित बरोबर होतं, तेच तर वाईट होतं. लागण नसलेल्या माणसाला मी ‘छान, काळजी घ्या’ म्हणून पाच मिनिटांत वाटेला लावत असे आणि लागण असलेल्याला अर्धा-पाऊण तास धीर देत बसे. कपाटाला कुलूप लावून मी रोज दारावर लोकांचे रिपोर्ट टांगत होते.

‘मग पाऊण तास काय बोलत व्हत्या तुमी?’ शेवंताबाईंनी विचारलं.

मी गप्प बसले. मनीषाला फोनवर शब्द दिला होता.

‘बघ. गप झालीस.’

मी परोपरीने सांगितलं. आकडे सांगितले, सरकारी नियम सांगितले, बाळाची शपथ घेतली. त्या ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा तिथंच यायच्या. मी चिडून म्हटलं, ‘मावशी, लेकीसारखी पोर आहे, पोटुशी आहे, आणि तुम्ही भिंतीवरच्या घड्याळावरून तिला घराबाहेर काढताय?’ त्या म्हणाल्या, ‘दार कशाला खोटं बोलंल?’ अशी आमची जुंपली ती जुंपलीच. शेवटी त्या दाराकडे वळल्या, ‘तुज्याशी बोलून फायदा न्हाय’ म्हणाल्या आणि दार उघडून बाहेर गेल्या.

मीही मागोमाग उठले. बेंचवर सहा-सात बायका होत्या. सगळ्यांनी आधी शेवंताबाईंकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग पुन्हा शेवंताबाईंकडे. आमच्या भांडणाला पन्नास मिनिटं झाली होती. शेवंताबाईंची पिशवी बेंचवर होती. ती घ्यायला त्या वाकल्या तशी शेजारची बाई इतकी सरकली की पलीकडची पडता पडता वाचली. एकीने पिशवीला टेकून उभं असलेलं आपलं पोर ओढून घेतलं.

शेवंताबाई पिशवी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग वळल्या, आत आल्या आणि त्यांनीच दार लावलं.

‘त्यांना जाऊन सांग,’ त्या म्हणाल्या. ‘माजा मालक जाऊन वीस वर्सं झाली. मला काय न्हाय म्हून सांग.’

‘काय सांगू? कागदावर लिहून देऊ?’

हे बोलायला नको होतं. समुपदेशकाने तर मुळीच नको. पण माझी जीभ तिखट आहे आणि मी चिडले होते. शेवंताबाई पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या. पदराने तोंड पुसलं.

मग म्हणाल्या, ‘माजीपन तपासणी कर.’

‘तुम्हाला कशाला?’

‘कर म्हटलं ना. घरातल्या सगल्यांची करायची तर सगल्यांची.’ मग माझ्याकडे रोखून बघत त्यांनी विचारलं, ‘तू केलीस?’

‘काय?’

‘तपासणी. तू केलीस काय?’

मी केली नव्हती. इतकी वर्षं हजारो लोकांना ‘घाबरू नका, एक थेंब रक्त’ असं सांगितलं, पण माझा स्वतःचा हात अन्वरपुढे कधी धरला नव्हता. माझ्या नवऱ्यापुढे तर विषयही काढला नव्हता. आपल्याला कशाला, असंच वाटायचं. अगदी बाहेरच्या लोकांसारखंच.

‘नाही,’ मी म्हटलं.

‘मग ऊठ. आदी तू.’

अन्वरने आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. ‘मॅडम, आपका भी?’ मी म्हटलं, ‘हां, और पहले पूछ, कन्सेंट ले, जैसा सबका लेता है.’ त्याने अगदी गंभीरपणे मला सगळं समजावलं. मीच त्याला शिकवलेली वाक्यं होती.

आणि मग अर्धा तास थांबायचं होतं. माझ्या खोलीत बसता आलं असतं. पण शेवंताबाई बेंचवर जाऊन बसल्या, तेव्हा मीही त्यांच्याशेजारी बसले. बायका चकित. त्या बेंचवर मी आयुष्यात प्रथमच बसत होते. पॅसेज अरुंद आहे, गुडघे जवळजवळ समोरच्या भिंतीला टेकतात आणि नजर कुठेही वळवली तरी घड्याळच दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं. भीतीचं मला काही कारण नव्हतं. तरी मला नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन आठवलं, भांडुपच्या दाताच्या डॉक्टरची कळकट खुर्ची आठवली, लहानपणी गावात एकाच सुईने सगळ्यांना टोचणारा कंपाउंडर आठवला. इथं बसणाऱ्यांना मी वर्षानुवर्षं ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणत आले होते.

शेवंताबाई समोर बघत हळूच म्हणाल्या, ‘बाय, पोरगा लाइनवर असतो. मला काय कलत न्हाय? आई हाय मी त्याची.’

घड्याळाकडे बघतच त्या पुढे म्हणाल्या,

‘सुनेवर ढकललं का पोरगा सुटतो, असं वाटलं मला.’

मी त्यांचा हात धरला. तो माझ्यापेक्षा गार होता.

अन्वरने मला आधी बोलावलं, माझ्याच खोलीत, माझ्याच खुर्चीत बसून. कागद पुढे केला. ‘मॅडम, रिपोर्ट ठीक है.’ मला एकदम इतकं हलकं वाटलं की रडू फुटलं. आश्चर्य म्हणजे, कारण नसताना आलेली भीती जातानाही खरीच जाते. मी उठायला लागले तर अन्वर म्हणाला, ‘बैठिए. कोई सवाल है आपका?’ आणि जोखीम, सुरक्षित संबंध, कंडोम कसा उघडायचा, कसा टाकायचा हे सगळं त्याने मला हसू दाबून ऐकवलं. तो ऐकवत असताना मला कळलं, की हे सगळं सांगायला चांगली पंधरा मिनिटं लागतात आणि स्वच्छ रिपोर्टवाल्या माणसाला मी ती कधीच देत नव्हते. ज्याला अजून वाचवता येतं त्यालाच मी घाईने घालवत होते.

शेवंताबाईंचाही रिपोर्ट चांगला आला. त्यांनी माझ्यासमोरच दिनेशला फोन लावला. ‘सुनेची झाली, माजी झाली. आता तुजी. आलास का आदी दवाखाना, मग घर.’ पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण त्यावर त्या म्हणाल्या, ‘बालासाठी एवढं करशील का न्हाय?’ मनीषाने पाठ केलेलं वाक्य सासूला कुणीच शिकवलं नव्हतं.

रविवारी ओटी भरली. मला आमंत्रण होतं. गेले नाही. अशा नोकरीत माणसाने कुणाच्या घरी जेवायला जाऊ नये, लोक त्या घराकडे बघायला लागतात. पुरणपोळ्या मात्र डब्यातून आल्या, अन्वरने निम्म्या संपवल्या.

दिनेश आला तो मान खाली घालून. आत काय बोलला ते आतच राहील. घाबरायला कारण होतं, इतकंच सांगते. पहिला रिपोर्ट स्वच्छ आला, पण लागण झाल्यावर ती रक्तात दिसायला वेळ लागतो, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं आणि तोवर कंडोमशिवाय बायकोजवळ जायचं नाही, असं बजावलं. तो म्हणाला, ‘ती पण फोनवर तेच बोलली. रागावलीच नाही, नुसती बोलली. मला काय उत्तरच सुचलं नाही.’ मी चेहरा सरळ ठेवला. पाकिटं कुठे ठेवू, असं त्याने विचारलं तेव्हा म्हटलं, ‘देवाच्या फोटोमागे सोडून कुठेही.’

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला. रिपोर्ट काहीही असो, दार पंधरा मिनिटं बंद. ज्याला जास्त धीर हवा त्याला दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वेळी बोलवायचं. अन्वर म्हणाला घड्याळच काढून टाकू, पण हातात मोबाइल असताना घड्याळ काढून काय होणार? बेंचवरचं गणित महिनाभरात बंद पडलं. त्या पंधरा मिनिटांत लोक जे विचारायला लागले ते आधी कधी विचारलंच नव्हतं. साखरपुडा झालेले तरुण, बदलीच्या गावी राहणारे नवरे, पन्नाशीच्या बायका. माझं खरं काम तेव्हा सुरू झालं, असं मी मानते.

पण त्या आधीच्या वर्षांचं काय? शिवणकाम करणारी एक बाई होती. लागण निघाली तेव्हा मी तिला तासभर समजावलं होतं. औषधाला दोनदा आली, तिसऱ्यांदा आलीच नाही. खोली सोडून गेली, असं कळलं. गावी गेली असेल, असं तेव्हा मी वहीत लिहिलं. आता वाटतं, त्या दिवशी बेंचवर तिच्या चाळीतलं कुणी बसलेलं असेल. तिला शोधायला हवं होतं. शोधलं नाही, हे खरं.

तीन महिने सांगितले होते, पण बाळंतपणाच्या धावपळीत साडेचार उलटले, तेव्हा दिनेश पुन्हा आला. या वेळी सगळे आले. मनीषाला माहेरहून आणलेलं होतं, मांडीवर सव्वा महिन्याची मुलगी, शेजारी शेवंताबाई. बाळंतपणाच्या वेळी मनीषाची तपासणी पुन्हा झाली होती, ती स्वच्छ होती. राहिला होता तो दिनेश. रक्त देऊन झाल्यावर त्या अर्ध्या तासात तो तीन वेळा पाणी प्यायला आणि शेवंताबाईंनी नातीचं टोपडं दहा वेळा काढून घातलं.

मी त्याला आत घेतलं, दार लावलं. कागद त्याच्यासमोर ठेवला. नव्हतं काही. त्याने दोन्ही हातांनी टेबल धरलं. मग पंधरातली बाकीची मिनिटं आम्ही बाळाच्या नावाबद्दल बोललो.

तो बाहेर गेला. कागद त्याने आईच्या हातात दिला. शेवंताबाईंना वाचता येत नाही. बेंचवरच्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी कागदाकडे पाहिलंदेखील नाही. मनीषाच्या मांडीवरून नातीला उचललं, कागद मनीषाच्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘तू वाच. तू वाचशील ते खरं.’

मनीषाने एकदा माझ्याकडे पाहिलं. रिपोर्ट असा चारचौघांत वाचायचा नसतो, एकाचा वाचला की न वाचणाऱ्याकडे लोक बोट दाखवतात, हे मीच तिला सांगितलं होतं. मी थांबवायला हवं होतं. ती वाचायला लागली, नाव, वय, नंबर, तारीख, एकही ओळ न गाळता, सावकाश, आणि मी दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं.